छप्पन अंक आणि एक जाम बोल्ट

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या क्लबाचं एक त्रैमासिक होतं. नाव ‘स्टेपनी’. चौदा वर्षांत त्याचे छप्पन अंक निघाले आणि त्यात एकदाही शुद्धिपत्र छापावं लागलं नाही, हे संपादक भेटेल त्याला सांगत. भेटलेला माणूस दुसऱ्यांदा भेटायचं टाळत असे, पण ते त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

संपादक म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले तर्कशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी गाडी होती आणि ती ते दर रविवारी मऊ फडक्याने पुसत. बॉनेटच्या खाली काय चालतं हे बघायला गॅरेजवाले होते. आपलं काम भाषेचं. मेकॅनिक लोकांना हात असतात, भाषा नसते, हे त्यांचं आवडतं मत होतं आणि ते खोडून काढण्याइतका वेळ क्लबात कुणाकडे नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिस्त्रींकडून एक लेख मिळवला. क्लबातल्या निम्म्या गाड्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या. क्लबात एक विशिष्ट छोटी, दोन दारांची गाडी बावीस जणांकडे होती. लेख तिच्या पुढच्या सस्पेन्शनवर होता. त्या गाडीची पुढची चाकं एकेका उभ्या लोखंडी दांड्यावर तोललेली असतात. दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते एका पितळी ठोकळ्यात बसतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. ठोकळ्याला बाहेरून, आत वंगण भरायला, एक बारकं निपल. मिस्त्रींनी वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं की या निपलातून दर तीन महिन्यांनी गिअरचं तेल भरावं, बाहेर यायला लागेपर्यंत भरावं.

संपादकांनी त्या कागदावर लाल पेन चालवलं. ऱ्हस्वदीर्घाच्या सव्वीस चुका दुरुस्त झाल्या. विरामचिन्हं मिस्त्रींनी घातलीच नव्हती, ती सढळ हाताने घातली गेली. आणि मग संपादक ‘तेल’ या शब्दापाशी थबकले. गाडीच्या खाली अशी बरीच निपलं असतात हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. त्या सगळ्यांत ग्रीस भरतात. मग याच एका निपलात तेल कसं? बिचाऱ्याने घाईत लिहिलं असणार. पहिल्या वर्षाच्या पोरानेही काढला असता असा निष्कर्ष त्यांनी काढला, ‘गिअरचं तेल’ खोडलं, ‘ग्रीस’ लिहिलं आणि मिस्त्रींची लाज राखल्याच्या समाधानात चहा घेतला.

लेख मिस्त्रींच्या नावाने छापून आला. चार दिवसांनी मिस्त्री अंक हातात घेऊन दारात उभे. लेखावर बोट ठेवून ते म्हणाले, “साहेब, हे जे छापलंय...” संपादकांना पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. पहिल्यांदा नाव छापून आलेली माणसं त्यांनी बरीच पाहिली होती. त्यांनी कपाटातून आणखी पाच अंक काढले, मिस्त्रींच्या हातात कोंबले, नातेवाइकांना वाटा म्हणाले आणि प्रेमाने दार लावून घेतलं.

त्यानंतर मिस्त्रींनी नऊ वर्षं त्यांच्याशी शब्द काढला नाही. कार्यक्रमात समोर आले तर संपादकांकडे असे बघत, जसं आपण रस्त्यात पसरलेल्या खिळ्यांकडे बघतो. लेखक लोकांचा अहंकार, असं म्हणून संपादकांनी विषय मिटवला होता.

आता ताई. ताई म्हणजे संपादकांच्या बायकोची थोरली बहीण. चौतीस वर्षं इस्पितळात काढलेल्या, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. तिथले सर्जन ताईंना विचारल्याशिवाय शिंकत नसत, अशी बोलवा होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या बावीसांपैकी एक फिकट हिरवी गाडी घेतली आणि तिला वॉर्डातल्या पेशंटसारखी वागवायला घेतली. गॅरेजच्या भिंतीवर मिस्त्रींच्या नावाचा तो लेख प्लास्टिकमध्ये घालून टांगलेला होता. शेजारी तक्ता: तारीख, वेळ, डावीकडे ग्रीस दोन पंप, उजवीकडे ग्रीस दोन पंप, सही. नऊ वर्षांत छत्तीस नोंदी. एक नोंद अंगात एकशे दोन ताप असताना केलेली होती आणि शेवटच्या रकान्यात तसा शेरा होता.

चार महिन्यांपासून ताईंना स्टिअरिंग जड जात होतं. त्यांनी निदान केलं की खांदा गेला. नऊ आठवडे फिजिओथेरपी घेतली, भिंतीला बांधलेले रबरी पट्टे ओढले, आणि स्टिअरिंग होतं तितकंच जड राहिलं. शेवटी फिजिओथेरपीवाली मुलगीच म्हणाली की मावशी, तुमचा हा खांदा माझ्यापेक्षा बरा आहे, एकदा गाडी कुणाला तरी दाखवा.

ताईंनी सोमवारी गाडीचं तोंड जॅकवर उचललं आणि पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. चाक ढिम्म. उजवं फिरलं, पण कण्हत. आणि येत्या रविवारी क्लबाची मिरवणूक होती. या बावीस गाड्या डोंगराच्या रस्त्याने वरपर्यंत जायच्या होत्या आणि सगळ्यात पुढे ताईंची हिरवी.

त्या दिवशी संपादक बायकोबरोबर ताईंकडे चहाला गेले होते. ताई म्हणाल्या, मिस्त्रींना बोलावते, लेख त्यांचा आहे, त्यांनीच येऊन बघावं. मिस्त्री येणार आणि आपल्याकडे खिळ्यांकडे बघावं तसं बघणार, हे चित्र संपादकांना चहाबरोबर गिळवेना. ते म्हणाले, छे, इतक्या साध्या कामाला मिस्त्री कशाला, मी करतो की. ‘गंजलेल्या बोल्टशी संवाद’ ही त्यांची तीन भागांची लेखमाला क्लबात गाजली होती, म्हणजे तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

“तुम्ही?” बायकोने विचारलं. तेवढंच. मग तिने बिस्कीट उचललं.

बुधवारी सकाळी संपादक आपली पान्यांची पेटी घेऊन हजर झाले. पेटी निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेली, आत निळी मखमल, एकेक पाना आपापल्या खळगीत झोपलेला. काहींवरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. त्यांनी चाक काढलं, पुस्तकात बघून स्प्रिंग काढली, आणि खाली आडवे झाले. तिथे तो बोल्ट होता. लांबलचक, आडवा, चाकाला धरणाऱ्या खालच्या दुबेळक्या लोखंडी हाताला, म्हणजे आर्मला, आणि पितळी ठोकळ्याला आरपार शिवून बसलेला. हा एक निघाला की दांडा, ठोकळा, सगळंच खाली येणार होतं.

नट निघाला. संपादकांना इतका आनंद झाला की त्यांनी बाहेर येऊन बायकोला फोन केला. ती म्हणाली, बरं, आणि बोल्ट? संपादक म्हणाले, आता तो औपचारिकपणे काढायचा राहिलाय.

बोल्टाला औपचारिकता मान्य नव्हती. ठोकळ्याच्या आत तो एका लोखंडी नळीतून जातो, आणि पन्नास वर्षांच्या सहवासाने बोल्ट आणि नळी एकजीव झाली होती. कुठल्याही लग्नात इतकी एकरूपता संपादकांनी पाहिली नव्हती. त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि लेखमालेत लिहिल्याप्रमाणे धीर धरला. धीर धरून साडेतीन तास झाले. मग पाना लावून जोर केला. बोल्टाचं डोकं जागचं हललं नाही, फक्त त्याचे सहा कोने गेले आणि ते सुपारीसारखं गोल झालं. पाना आता त्यावरून गुळगुळीत फिरायला लागला. संपादकांना वाटलं, बोल्ट फिरतोय. पाच मिनिटं त्यांना तसं वाटत राहिलं.

गुरुवारी त्यांनी लेखमालेचा दुसरा भाग हाती घेतला, म्हणजे हातोडी. ज्या टोकाचा नट काढला होता त्याच टोकावर त्यांनी घाव घातले. लेखात ‘हळुवार पण ठाम’ असं लिहिलं होतं. पहिले दहा हळुवार झाले, पुढचे चाळीस ठाम. तेवढ्या मारात ते टोक फुलून छत्रीसारखं पसरलं. म्हणजे आता बोल्टाच्या मनात असतं तरी त्याला त्या भोकातून बाहेर पडता आलं नसतं. एकावन्नावा घाव अंगठ्यावर बसला.

ताईंनी अंगठ्याला पट्टी केली. ती इतकी नेटकी होती की तीच एक शिक्षा वाटत होती. पट्टी बांधताना त्या म्हणाल्या की माझ्या वॉर्डात दोन दिवसांत पेशंटला बरं वाटलं नाही तर डॉक्टर बदलायची पद्धत होती. आणि त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी यायला खळखळ केली नाही. एकदा अपेंडिक्ससाठी ते तीन आठवडे ताईंच्या वॉर्डात होते. ताईंनी तेव्हा त्यांची तंबाखू उशीच्या अभ्र्यातून शोधून काढली होती. तेव्हापासून ताईंचा आवाज ऐकला की ते उभे राहत, फोनवरही.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री आले. अंगात ढगळ डांगरी, हातात तेलकट कापडी पिशवी, तीत मोजून सात-आठ वस्तू. ताईंना त्यांनी नमस्कार केला. संपादकांवरून त्यांची नजर अशी गेली जशी रिकाम्या खुर्चीवरून जाते. मग ते गाडीसमोर उकिडवे बसले आणि आधी फक्त बघत राहिले. गोल झालेलं डोकं पाहिलं, फुललेलं टोक पाहिलं, संपादकांचा अंगठा पाहिला. तिन्हींचा संबंध त्यांना लागला असावा.

त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे गाडीखाली टेकूच्या दोन लोखंडी घोड्या सारल्या. दोन दिवस संपादक नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली पाठ टेकून तत्त्वचिंतन करत होते, हे त्यावरून ताईंच्या ध्यानात आलं. त्यांनी संपादकांकडे बघून फक्त डोळे मिटले.

मिस्त्रींनी बोल्टाला हात लावला नाही. पाना नाही, हातोडी नाही. त्यांनी तारेच्या ब्रशने ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंची माती खरवडली. तिथे तो लोखंडी हात आणि ठोकळा यांच्यामध्ये नखाएवढी फट दिसायला लागली. पिशवीतून त्यांनी करवतीचं नुसतं पातं काढलं, एका टोकाला चिंधी गुंडाळून मूठ केली आणि फटीत घालून बोल्ट कापायला घेतला. वीस मिनिटं एका बाजूने, पाऊण तास दुसऱ्या बाजूने. मध्ये पातं बदललं. जो निघायचं नाव घेत नाही त्याला काढायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. संपादक दोन दिवस ज्या बोल्टाचं मन वळवत होते, त्याचे पावणेअकराला तीन तुकडे झाले आणि दांडा, ठोकळ्यासकट, मिस्त्रींच्या मांडीवर आला.

संपादकांना राहवलं नाही. म्हणाले, हे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणं झालं. मिस्त्रींनी ताईंकडे बघून विचारलं, “सिस्टर, आणखी कुणाला काही दुखतंय का?”

खरी गंमत पुढे होती. दांडा गॅरेजातल्या टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळला, ठोकळ्याला दोन हात लांब पाइप लावला, आणि ठोकळा तसूभर फिरेना. दांड्याने ज्यात लीलया फिरायचं, तो ठोकळा त्याला जन्मठेपेसारखा चिकटला होता. मिस्त्रींनी गॅसची टॉर्च पेटवली. पितळ तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणून ज्योत फक्त ठोकळ्यावर धरली. आधी काही झालं नाही. मग जळक्या प्लास्टिकचा वास सुटला, मग जुन्या मेणबत्तीचा, आणि मग पाइपवर मिस्त्री अख्खे लोंबकळले तेव्हा आतून कडकन आवाज आला. ताई दचकल्या नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी हाडांचे यापेक्षा मोठे आवाज ऐकले होते. ठोकळा करकरत फिरायला लागला, एक आटा, दोन आटे, आणि शेवटी हातात आला.

मिस्त्रींनी तो उजेडात धरला. आत काळपट पिवळं काहीतरी साबणाच्या लगद्यासारखं घट्ट बसलं होतं. खिळ्याने उकरलं तर त्याचे खवले निघाले. दांड्याच्या आट्यांवर तांबड्या गंजाचा थर, आणि आटे संपतात त्याच्या जरा वर, केसाएवढी एक चीर. मिस्त्रींनी चिरेवर नख फिरवून दाखवलं. ते म्हणाले की एक मोठा खड्डा, किंवा डोंगरावरचं एक वळण, की दांडा इथे तुटणार आणि चाक गाडीखाली आडवं होणार. उजवीकडची गतही याहून फार वेगळी नसेल.

“आत हे काय आहे?” ताईंनी विचारलं.

“ग्रीस.”

“मग बरोबर आहे. मीच भरलंय. छत्तीस वेळा.”

“ग्रीस आट्यांपर्यंत पोचतच नाही, सिस्टर. वाटेतच बसतं आणि दगड होतं. पाणी मात्र पोचतं. इथे तेल लागतं.”

ताई उठल्या. भिंतीवरचा लेख खिळ्यावरून काढला, मिस्त्रींच्या पुढ्यात धरला आणि वाचून दाखवायला लागल्या. वॉर्डात चुकीचं औषध देणाऱ्या नर्सला त्या ज्या आवाजात चार्ट वाचून दाखवत तोच हा आवाज. ग्रीस भरावे. बाहेर यायला लागेपर्यंत. दर तीन महिन्यांनी. खाली नाव कुणाचं आहे? मिस्त्री, हे तुम्ही लिहिलंत आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला. माझ्यासारख्या अजून एकवीस जणांनी ठेवला असेल. परवा ते सगळे डोंगर चढणार आहेत. तुम्हाला काही वाटतं का?

मिस्त्रींनी टॉर्च विझवली, हात चिंधीला पुसले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा संपादकांकडे सरळ बघितलं. खिळ्यांकडे बघावं तसं नव्हे. नुसतं, वाट बघितल्यासारखं.

संपादकांना त्या क्षणी सगळं आठवलं. वहीचा कागद, लाल पेन, तो चहा. दारात उभे असलेले मिस्त्री आणि लेखावर टेकलेलं त्यांचं बोट, आणि वर पाच अंक. पण माणूस तर्कशास्त्राचा. त्याही अवस्थेत त्यांच्या डोक्याने मुद्दे मांडायला सुरुवात केली. एक, मूळ कागद आता कुणाकडेच नाही. दोन, लेखाखाली नाव मिस्त्रींचं आहे. तीन, मिस्त्री नऊ वर्षं बोलले नाहीत, आजही बोलत नाहीयेत, म्हणजे पुढेही बोलणार नाहीत. चार, पुढच्या अंकात ‘लेखकाच्या नजरचुकीने’ अशी चौकट टाकली की बावीसही गाड्या वाचतात आणि छप्पन अंकही. निष्कर्ष अगदी निर्दोष होता. इतका निर्दोष निष्कर्ष त्यांनी यापूर्वी एकदाच काढला होता आणि तो ताईंच्या गॅरेजात, साबणाच्या लगद्याच्या रूपात, व्हाइसशेजारी पडला होता.

ताई अजून बोलतच होत्या. एवढं वय झालं तुमचं, धंद्यात नाव आहे तुमचं, वगैरे.

“ताई,” संपादक म्हणाले, “ते ग्रीस माझं आहे.”

“म्हणजे?”

“मिस्त्रींनी तेलच लिहिलं होतं. मी सुधारलं.”

गॅरेजात तापलेलं पितळ थंड होतानाचे बारीक टक् टक् आवाज येत होते. ताईंनी लेख पुन्हा एकदा वाचला. आता त्यात काही वेगळं दिसेल असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी मिस्त्रींना विचारलं की हे खरं का, आणि खरं असेल तर इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती का.

मिस्त्री म्हणाले की सांगायला गेलो होतो, सिस्टर. यांनी पाच अंक दिले. समोरच्या गॅरेजवाल्याने लेखाची झेरॉक्स काढून भिंतीला डकवली. बाजारात माझं नाव ग्रीसमिस्त्री पडलं. सुट्या भागांच्या दुकानात गेलो की पोरं विचारायची, काका, रेडिएटरमध्येही ग्रीसच का? वर्ष-दोन वर्षं कोण मला भेटलं तर आधी हसायचं, मग नमस्कार करायचं. हे सगळं त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं, एखाद्या गाडीचा दोष सांगावा तसं. शेवटी एवढंच म्हणाले की पाच अंक मी अजून ठेवलेत, पेटवायला मन झालं नाही, आत माझं नाव आहे ना.

संपादक म्हणाले, पुढच्या अंकात मी शुद्धिपत्र देतो. हा शब्द तोंडातून काढताना त्यांचा अंगठा ठणकला. पहिल्या पानावर, ठळक, चौकटीत. कारणमीमांसेसह दोन पानं.

“पुढचा अंक कधी?” ताईंनी विचारलं.

“सात आठवड्यांनी.”

“आणि मिरवणूक?”

“परवा.”

ताईंनी स्वतःला बसायला स्टूल ओढलं, संपादकांचा मोबाइल त्यांच्याच खिशातून काढून त्यांच्याच हातात दिला, आणि सांगितलं की एकवीस जणांना आत्ता, इथे, मिस्त्रींसमोर फोन करायचा. स्पीकरवर. कारणमीमांसा नको. काय करायचं, काय नाही आणि चूक कुणाची, एवढंच. मिस्त्री एका रिकाम्या डब्यावर बसले आणि त्यांनी हाताची घडी घातली. नऊ वर्षांनी बसायला मिळालेली जागा होती, ते ऐसपैस बसले.

पहिला फोन क्लबाच्या सेक्रेटरींना. संपादकांनी घसा साफ करून वाक्य म्हटलं: ‘स्टेपनी’त नऊ वर्षांपूर्वी पुढच्या सस्पेन्शनवरचा जो लेख आला, त्यात ग्रीस म्हटलं होतं, ते तेल हवं, चूक मिस्त्रींची नाही, माझी, आणि गाडी तपासल्याशिवाय रविवारी बाहेर काढू नका. संपादकांनी डोळे मिटून घेतले. मग सेक्रेटरी म्हणाले, “कुठला लेख?”

संपादकांनी अंक, महिना आणि पान सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, अहो मी फक्त वाढदिवसांचं पान बघतो. ग्रीस नाही आणि तेलही नाही, मी त्या गाडीत कधी काही घातलेलंच नाही.

मिस्त्री डब्यावरून म्हणाले की कोरडं असेल तर तेही मोडेल, त्यांना सांगा. संपादकांनी सांगितलं.

दुसरे सदस्य कारखानदार. त्यांनी अंकाची फार स्तुती केली. कागद जाड आहे, म्हणाले, इंजिनाखाली अंथरला की ठिबकणारं ऑइल एक थेंब जमिनीवर जात नाही. तेवढी पानं वाढवता आली तर बघा. तिसऱ्यांचा अंक पाकिटातून बाहेर काढायची पद्धत नव्हती. चौथ्यांना क्लबाचं त्रैमासिक आहे हे माहीत होतं, पण ते बंद पडलं असं वाटत होतं. पाचवे डोळ्यांचे डॉक्टर. ते म्हणाले, मी त्या भानगडीतच पडत नाही, माझी गाडी मिस्त्री बघतात आणि ते जे घालतात ते घालतात. मिस्त्रींनी घडी सोडून कानामागे खाजवलं. सहाव्यांनी चूक ऐकून घेतली, माफ केलं, आणि मग विचारलं की आपण कोण बोलताय.

दहाव्या फोनपर्यंत संपादकांचा आवाज खाली गेला होता. चूक कबूल करायची त्यांनी मनाची तयारी केली होती. लोक चिडतील, ओरडतील, राजीनामा मागतील, एखादा कोर्टाची भाषा करेल, या सगळ्याला उत्तर तयार होतं. पण कबूल करायला समोर कुणीतरी दुखावलेलं लागतं. चौदा वर्षं, छप्पन अंक, प्रत्येक स्वल्पविराम जागच्या जागी, आणि त्यांचं म्हणणं शब्दशः पाळणारा क्लबात एकच माणूस निघाला होता. तो समोर स्टुलावर बसला होता आणि त्याचा खांदा नऊ आठवडे विनाकारण दुखवण्यात आला होता.

ताईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या उठून चहा ठेवायला आत गेल्या, आणि जाताना संपादकांच्या पट्टीचं सुटलेलं टोक खोचून गेल्या.

चौदाव्या फोननंतर मिस्त्री म्हणाले, “राहू द्या आता, साहेब. बाकीच्यांना मी बघतो. मला रस्त्यात भेटतातच.”

‘साहेब’ हा शब्द संपादकांनी नऊ वर्षांनी ऐकला. तो घेऊन फोन खिशात घालायचा मोह त्यांना झाला. पण त्यांनी यादीवर नजर टाकली. “अजून सात आहेत,” ते म्हणाले, आणि पंधरावा नंबर लावला.

पंधरावे सदस्य म्हणजे निवृत्त न्यायाधीश. वय शहाऐंशी. त्यांनी वाक्य पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदा ‘पुन्हा सांगा’ म्हणाले, आणि मग म्हणाले, “पान अकरा. दुसरा परिच्छेद. मी वाचला होता तो लेख.”

संपादक ताठ बसले. आत चहाचे कप वाजायचे थांबले.

“तेव्हाच मला ते चूक वाटलं,” न्यायाधीश म्हणाले. “मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. ग्रीस नव्हे, तेल, असं. तुम्ही ते पुढच्या अंकात छापलंतसुद्धा.”

“छापलं?” संपादकांच्या आवाजात जीव आला. “मग तर...”

“छापलं. फक्त माझ्या पत्रातही तुम्ही तेलाचं ग्रीस केलंत. ‘ग्रीस नव्हे, ग्रीस,’ असं ते छापून आलं. त्यावर माझी सही. माझी बायको ते पत्र पाहुण्यांना वाचून दाखवत असे.”

आधी डबा हलला. मग मिस्त्रींच्या छातीतून गाडी थंडीत सुरू होताना येते तशी एक धाप आली, पुन्हा एक आली, आणि मग हसू सुटलं ते सुटलंच. त्यांनी डोळे पुसले तर चिंधीचं काळं सगळ्या तोंडाला लागलं. आतून ताईही हसत असल्याचं ऐकू येत होतं. त्यांना असं हसताना इस्पितळात कुणी पाहिलं नसेल. न्यायाधीश फोनवर विचारत होते की तिथे काय चाललंय, लाइन खराब आहे का.

संपादकांनी त्यांची रीतसर माफी मागितली. मिस्त्रींकडे बघत, त्यांचीही मागितली. ती हसण्यात किती ऐकू गेली कोण जाणे. मग चष्मा पुसला, यादीवर बोट ठेवलं आणि सोळावा नंबर लावला.